सॅक्सोफोनमधलं गमक कुठे घडतं?

बंगळुरूच्या लग्नमंडपात नादस्वरमच्या जागी सॅक्सोफोन वाजला तर आता कुणी वळून पाहत नाही. अदोल्फ साक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य कर्नाटक संगीतात रुजवलं कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी. त्यांनी वाद्यात काही फेरफार केले होते, आणि यशाचं श्रेय बहुधा त्या फेरफारांनाच दिलं जातं. मला मात्र खरं काम माउथपीसपाशी, वादकाच्या तोंडात झालेलं दिसतं. नादस्वरमची भोकं उघडी असतात; बोट किंचित सरकवलं की सूर घसरतो. सॅक्सोफोनमध्ये बोट भोकाला लागतच नाही, कळ दाबली की गादी भोकावर बसते. तोडीच्या आंदोलित गांधाराचं गमक इथे आणायचं तर बोटं कळा बदलतील, पण दोन सुरांमधली पायरी पुसायची ती ओठानेच. वरचे दात माउथपीसच्या चोचीवर टेकलेले, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडून रीडखाली, म्हणजे फुंकेने थरथरणाऱ्या पातळ पट्टीखाली, मऊ आधारासारखा. ओठाचा रीडवरचा दाब सैल केला की सूर उतरतो; वाढवला की चढतो, पण थोडाच. सनई किंवा नादस्वरम वाजवणाऱ्याला ओठांची ही किमया मुद्दाम पटवून द्यावी लागत नाही. गोपालनाथांचे वडील नादस्वरम वाजवत आणि मुलाचं पहिलं शिक्षणही त्याच वाद्यावर झालं, हे मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

कुणी म्हणेल, खालच्या सुरांत नळीचीच सत्ता चालते, ओठ तिथे फारसं काही करू शकत नाही. हे खरं आहे. पण जसजसं वर जावं तसतसा ओठाला वाव मिळतो, आणि अगदी वरच्या टोकाला तर घसासुद्धा कामाला लागतो. ‘सायन्स’ नियतकालिकात २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की त्या सुरांसाठी मुरलेले वादक घशा-तोंडाची पोकळी सुराशी जुळवून घेतात. नवख्यांना ते साधत नाही. दुसरा आक्षेप बाजारातला: चांगला माउथपीस घेतला की झालं. रुंद तोंडाचा माउथपीस आणि नरम रीड सुराला लवचीक करतात हे कबूल, पण तीच लवचीकता कच्च्या ओठाखाली बेसूर होते. त्यात रीड बांबूसारख्या उंच गवताची; ओली करून वाजवावी लागते आणि बंगळुरूच्या फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत लवकर सुकते. कालच्या दाबाने आज तोच सूर येईल याची खात्री नसते, ओठाला रोज नव्याने अंदाज घ्यावा लागतो. म्हणून नव्या शिष्याच्या हाती पूर्ण वाद्य देण्याआधी नुसत्या माउथपीसवर एक सूर स्थिर धरायला, मग तोच हळूहळू उतरवून पुन्हा जागेवर आणायला शिकवावं. बोटांचे पलटे नंतर सुरू झाले तरी चालेल.