मळ्याची नोंद कोण ठेवणार?

मळ्या हा जेमतेम वीतभर लांबीचा मासा. सह्याद्रीतून पूर्वेला उतरणाऱ्या नद्यांच्या खडकाळ, वाहत्या पाण्यात तो असतो. उलटा करून पाहिला, तर तोंड खालच्या बाजूला दिसते आणि ओठामागे एक मांसल चकती. या चकतीने तो दगडाला धरून राहतो आणि धारेला न जुमानता शेवाळ खरवडून खातो. हा कटला-रोहूचा, म्हणजे कार्प माशांचा भाऊबंद. त्यांच्यासारखे याचेही दात जबड्यात नसून घशात असतात. बाजारात मात्र त्याला स्वतंत्र भाव नाही. विकला गेलाच, तर बारीक मासळीच्या वाट्यात. शास्त्रीय नाव 'गारा मुल्या'. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये इथल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा अनेकांना स्थानिक बोलीतलीच नावे दिली. खुद्री, कोलुस, नुक्ता, मुल्या ही नावे आज जगभरच्या मत्स्यशास्त्रात आहेत. मुळा-मुठा आणि भीमेकाठी हे मासे पकडणाऱ्यांची ओळख पक्की होती, म्हणूनच ही नावे शास्त्रापर्यंत पोहोचली.

ती ओळख आज पुसट होते आहे, आणि मासेमारी बंद करून ती परत येणार नाही. दुर्लक्षित मासे टिकवायचे असतील, तर ते जाणतेपणाने पकडले गेले पाहिजेत आणि पकडलेल्या प्रत्येकाची नोंद झाली पाहिजे. वाघाचे ठसे दिसतात, पक्षी दुर्बिणीतून मोजता येतात. गढूळ पाण्यातला मासा मात्र गळाला किंवा जाळ्यात आल्याशिवाय बहुधा कळतच नाही. ज्याला कोणी पकडत नाही, तो संपला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

कावेरीत हे घडता घडता उघडकीस आले. तिथला कुबडा महसीर हा गळवाल्यांच्या जगात दंतकथा झालेला मासा. १९४६ मध्ये काबिनी नदीत यातला १२० पौंडांचा एक मासा गळाला लागला होता. पुढे महसिरांची संख्या वाढावी या चांगल्या हेतूने लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात वाढवलेली पिल्ले कावेरीत सोडली गेली. ती आपल्या दख्खनच्या खुद्री जातीची होती. महसीर तो महसीर, असा समज त्यामागे होता. कावेरीकाठच्या शिबिरात येणारे हौशी गळवाले मासा तोलून परत पाण्यात सोडत आणि तपशील वहीत लिहीत. १९९८ ते २०१२ या काळातल्या सहा हजारांवर महसिरांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले: एकूण महसीर वाढत होते, पण त्यात कुबडा आक्रसत चालला होता. नुसती बेरीज पाहिली असती, तर कारभार उत्तम चालला आहे असेच वाटले असते. या माशाची शास्त्रीय ओळखही २०१८ मध्येच पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. दरम्यान २०१२ पासून तिथल्या अभयारण्यात गळ टाकायला बंदी आली आणि वहीतली ही नोंद थांबली.

आपल्या धरणांचा हिशेबही असाच टनांत मांडला जातो. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडायचे आणि उत्पादन मोजायचे. या बीजावर हजारो मच्छीमार कुटुंबे जगतात, हे खरे आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, म्हणून बीज पुन्हा पुन्हा आणावे लागते. स्थानिक मासा वाहती धार आणि दगडगोट्यांचा तळ मिळाला तर स्वतःची वीण स्वतः वाढवतो. १९५२ मध्ये देशात आणलेली तिलापिया, म्हणजे उजनीची 'चिलापी', टनांच्या तक्त्यात यश म्हणून दिसते. तिने कोणाची जागा घेतली, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. शिवाय काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतून मिळणारे कॅल्शियम मोठ्या माशाच्या तुकडीतून मिळत नाही. म्हणजे वाट्यातली ही मासळी ताटातही मोलाची आहे.

पकडायला उत्तेजन दिले तर उरलेसुरलेही संपतील, ही शंका रास्त आहे, विशेषतः चढणीच्या माशांबाबत. पहिल्या पावसात गाभोळीने भरलेले मासे धारेविरुद्ध ओढ्या-ओहोळांत चढतात आणि माणसे टोपल्या घेऊन तिथे उभी राहतात. एका मादीबरोबर हजारो अंडी जातात. तेव्हा हात आवरलाच पाहिजे. चढणीचे ते थोडे दिवस सोडून बाकी वर्ष गळाला मोकळे आहे. विष टाकणे, सुरुंग लावणे आणि मच्छरदाणीच्या कापडाने डोह खरवडणे मात्र बारा महिने अक्षम्यच.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा: गळवाल्याची नोंद एकांगी असते, त्याला हवा तोच मासा तो लिहितो. त्यावरचा उपाय कावेरीच्या वहीतच आहे. तिथे माशांबरोबर गळ टाकून बसल्याचे तासही मांडले होते. म्हणून दर तासाला किती मासे लागले, हे वर्षागणिक ताडून पाहता आले. नदीकाठच्या भोई वस्तीतल्या वहीतही तेवढेच लागते. तारीख, डोहाचे नाव, जाळ्याच्या आसाचे माप, पाण्यात घालवलेले तास आणि हाती आलेला प्रत्येक मासा, त्याच्या बोलीतल्या नावासकट. आणि चार तास बसून काहीच मिळाले नाही, तर त्या तारखेपुढे शून्यही लिहायचे.