तित्तिर कोण, व तित्तिर कोण नव्हे?

बालमित्रहो, येडशीच्या रामलिंग घाटांत मोराची केका ऐकूं येते, आणि ज्वारीच्या शेतांतून तित्तिर व लावे भुर्रकन उडतात. शास्त्रज्ञ या तिघांस आपल्या घरच्या कोंबडीसह एकाच कुक्कुटकुलांत घालतात. मोराचा पिसारा पाहून हें खरें वाटत नाहीं; परंतु त्याची चोंच, माती उकरणारे पाय आणि त्या पायांचें मागचें बोट पाहावें.

उलट, नुसत्या नांवावर जाऊं नये. भटतित्तिर हा तित्तिर नव्हेच; तो पारव्यांचा आप्त. त्याचा नर पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणतो व पिलांस पाजतो. असें कोणता कोंबडा करील?

माळढोकाचेंही तसेंच. त्याच्या पायास मागचें बोट मुळींच नाहीं, व त्याचें कुलही निराळें. शिकाऱ्यांनीं मात्र त्यास मोठी रानकोंबडीच मानिलें. तित्तिराची मादी एका वेळीं सहा-आठ अंडीं घालते, माळढोकाची बहुधा एकच. म्हणून तित्तिरांची तूट भरून निघाली, याची निघाली नाहीं. त्यांतच माळ नांगराखालीं गेले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें १९७९ सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें, तरी आज तेथें त्याचें दर्शन अतिशय दुर्मिळ आहे. आपल्या आजोबांस विचारून पाहा, त्यांनीं तो कोठें पाहिला होता.