गीअरपेटी उघडण्यापूर्वी

स्वयंचलित गीअरच्या मोटारगाड्या आता मोठ्या शहरांपुरत्याच मर्यादित राहिलेल्या नाहीत. अशी गाडी कधीकधी वरचा गीअर उशिरा घेऊ लागते, सरळ रस्त्यावरही इंजिन विनाकारण जोराने फिरते आणि इंधनाचा खर्च वाढतो. गीअरपेटी बिघडली असावी, असा संशय साहजिकच येतो. ती उतरवून उघडणे हे वेळेचे व मोठ्या खर्चाचे काम आहे. मात्र काही वेळा गीअरपेटी पूर्णपणे निर्दोष असते. इंजिन किती तापले आहे याविषयी तिच्या नियंत्रकाला मिळणारी माहितीच चुकीची असते. म्हणून हा संकेत आधी तपासणे अगत्याचे ठरते.

तापमानाचा गीअरशी संबंध

अशा अनेक गाड्यांत इंजिन व गीअरपेटी यांना टॉर्क कन्व्हर्टर जोडतो. त्यात शक्ती तेलाच्या प्रवाहाद्वारे पुढे जाते व थोडी वाया जाते. वेग स्थिर झाल्यावर आतील क्लच लागतो आणि ही घसरण थांबते. यास ‘लॉक-अप’ म्हणतात. इंजिन थंड असेपर्यंत नियंत्रक लॉक-अप रोखून धरतो. काही गाड्यांत सर्वांत वरचा गीअरही देत नाही. इंजिन लवकर तापावे व गाडीने गचके देऊ नयेत, हा त्यामागील हेतू असतो. तापलेले इंजिन थंड असल्याचा संकेत येत राहिला, तर ही तात्पुरती व्यवस्था दिवसभर चालू राहते.

संकेताचा प्रवास

इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये एक लहान सेन्सर बसविलेला असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात २० अंश सेल्सिअसला तो सुमारे २,५०० ओहम, ६० अंशांना सुमारे ६०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३२० ओहम असतो. इंजिनाचा संगणक ५ व्होल्टचा पुरवठा एका ठरावीक रोधातून सेन्सरला देतो आणि तेथील व्होल्टेजवरून तापमान ठरवितो. जेथे गीअरपेटीचा नियंत्रक वेगळा असतो, तेथे हा आकडा बहुधा ‘कॅन’ या दोन तारांच्या संदेशवाहिनीतून त्याच्याकडे जातो.

उघड दोष आणि छुपा दोष

तार तुटल्यास व्होल्टेज ५ पर्यंत चढते आणि संगणकाला तापमान उणे ४० अंशांच्या आसपास भासते. संकेताची तार अर्थला टेकल्यास उलट घडते; इंजिन अतिशय तापल्याचे दिसते. हे दोष संगणक स्वतः ओळखतो व अनुक्रमे पी ०११८ आणि पी ०११७ हे दोषांक नोंदवितो.

खरी अडचण छुप्या दोषाची आहे. कनेक्टर गंजून मार्गात ३०० ओहम रोध वाढला, असे समजू. सकाळी २० अंशांना २,५०० चे २,८०० ओहम होतात; चूक दोन-तीन अंशांचीच असते व कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिन ८० अंशांपर्यंत तापल्यावर मात्र ३२० चे ६२० ओहम होतात आणि संगणकाला ते साठाच्याही किंचित खाली वाटते. हा आकडा अशक्य कोटीतील नसल्याने दोषांक नोंदला जाईलच असे नाही.

तपासणीचा क्रम

प्रथम कूलंटची पातळी पाहावी. ती घटल्यास सेन्सर उघडा पडून चुकीचे तापमान दाखवितो. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये; आतील कूलंट दाबाखाली असते व उसळून गंभीर भाजते.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, स्कॅनरवर कूलंट, आत येणारी हवा व गीअरपेटीचे तेल यांचे आकडे पाहावेत. ते जवळजवळ सारखे असावयास हवेत. नंतर गाडी पूर्ण तापवून कूलंटचा आकडा सेन्सरजवळच्या प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहावा. छुपा दोष या दुसऱ्या परीक्षेतच उघडा पडतो.

प्रत्यक्ष तापमानही कमी असेल तर सेन्सर खरे बोलत आहे. बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. प्रत्यक्ष तापमान योग्य पण आकडा कमी असेल, तर कनेक्टर व तारा तपासाव्यात आणि मगच सेन्सर बदलावा. इंजिनाच्या संगणकात आकडा बरोबर व गीअरच्या नियंत्रकात चुकीचा असेल, तर दोष संदेशवाहिनीत शोधावा. सामान्यतः बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम रोध मिळावयास हवा.

भारतात एप्रिल २०१३ पासून चारचाकी वाहनांना ‘ओबीडी-२’ ही दोषनिदान व्यवस्था बंधनकारक झाली. त्यामुळे यांतील बरेचसे आकडे साध्या स्कॅनरवरही वाचता येतात. गीअरपेटीचे आकडे पाहण्यास मात्र कधीकधी विशेष स्कॅनर लागतो.

सेन्सरचे तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखविता येईल. पाण्याचे भांडे, तापमापी, मल्टिमीटर व एक जुना सेन्सर एवढे साहित्य पुरे. कार्यालयातील वाहनाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी आल्यास, गीअरपेटी उघडण्याच्या खर्चास मान्यता देण्यापूर्वी थंड व गरम इंजिनाचे आकडे लेखी मागवावेत. एका गंजलेल्या कनेक्टरपायी होणारा मोठा खर्च एवढ्या दक्षतेने टळू शकतो.