तीन चाकांचं आकाश

प्रागच्या प्रेक्षणीय स्थळांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा चार्ल्स पूल आणि किल्ला हेच डोळ्यांसमोर होते. पण जुन्या नगरचौकातल्या टाउन हॉलच्या भिंतीवरचं खगोलीय घड्याळ, म्हणजेच ‘ऑर्लॉय’, पाहिलं आणि पाय तिथेच रेंगाळले.

सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित दर्शन देऊन जातात आणि सोनेरी कोंबडा आरवतो. मोबाइल उंचावतात, खाली येतात, गर्दी पांगते. घड्याळ मात्र पाहण्यासारखं होतं ते त्यानंतर.

ते 1410 साली कादानच्या मिकुलाश या घड्याळजीने बांधलं. गणित बहुधा यान शिंडेल या ज्योतिर्विदाचं. हानुश नावाच्या कारागिराने असं दुसरं घड्याळ घडवू नये म्हणून त्याचे डोळे काढले, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. ती दंतकथा आहे.

दंतकथेपेक्षा अद्भुत आहेत तबकडीमागची तीन मोठी चाकं. मूळ रचनेत ती एकाच आसावर, 24 दात्यांच्या एकाच छोट्या चक्राने फिरतात. एकाला 365 दाते, दुसऱ्याला 366, तिसऱ्याला 379. सूर्याचं चाक 366 दात्यांचं. ते 24 तासांत फेरी पुरी करतं. 365 दात्यांचं चाक राशिचक्र फिरवतं आणि एक दाता कमी म्हणून सुमारे चार मिनिटं आधी पोहोचतं. तारेही रोज तेवढेच लवकर उगवतात! चंद्राचं चाक रोज सुमारे 51 मिनिटं मागे पडतं, आणि चंद्रोदयही सरासरी जवळपास तेवढाच लांबतो. पंचांगातलं गणित कुणीतरी लोखंडात कोरून ठेवावं, तसं हे आहे.

चंद्र म्हणजे एक अर्धा चंदेरी, अर्धा काळा गोळा. त्याच्या पोटात वजन आहे. काटा त्याला गरगर फिरवतो, वजन मात्र खालीच लोंबू पाहतं. त्या ओढीवर गोळा हळूहळू वळतो आणि कला दिसतात. बाहेरचं कडं जुना चेक काळ दाखवतं: सूर्यास्ताला दिवस संपतो आणि 24 तासांची मोजणी नव्याने सुरू होते. सूर्यास्त ऋतूप्रमाणे सरकतो, म्हणून कडंही वर्षभर मागेपुढे होतं. राशिचक्रातही एक गंमत आहे: आपल्याकडे मकर संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते. इथला सूर्य मात्र डिसेंबरच्या 21-22 तारखेलाच मकरेत शिरतो, कारण इथल्या राशी सायन, म्हणजे ताऱ्यांऐवजी ऋतूंना बांधलेल्या आहेत.

पण दाते पूर्ण संख्येचेच असतात आणि आकाश अपूर्णांकात चालतं. 366 आणि 379च्या हिशेबाने चांद्रमास सुमारे 29.15 दिवसांचा होतो, तर खरा 29.53 दिवसांचा. म्हणजे दर महिन्याला नऊ तासांची चूक. असं यंत्र कुणीतरी सतत सांभाळलं तरच खरं बोलतं. अठराव्या शतकात ते बंद पडलं, भंगारात काढायची भाषा झाली. प्राध्यापक स्ट्रनाड यांच्या खटपटीने ते वाचलं. मे 1945 मध्ये जर्मन सैन्याच्या माऱ्यात टाउन हॉल पेटला आणि लाकडी प्रेषित जळाले. आजचे प्रेषित शिल्पकार सुखार्दा यांचे. 2018च्या दुरुस्तीत विजेची यंत्रणा काढून 1860च्या दशकातली जुनी यंत्रणा परत बसवली, याचा मला फार आनंद वाटला.

त्याच दुरुस्तीत योसेफ मानेस यांनी 1866 साली रंगवलेल्या दिनदर्शिकेच्या तबकडीची नवी प्रत लागली. तिच्यातल्या माणसांचे चेहरे, वयं, पेहराव मूळ चित्रापासून दूर गेल्याची तक्रार 2022 मध्ये वारसाप्रेमींनी केली. मला ती तक्रार मोलाची वाटते. एका दात्याचा फरक पडला तर आकाश चुकतं, हे या घड्याळाच्या कर्त्यांना पक्कं ठाऊक होतं. चित्राच्या प्रतीलाही तोच काटेकोरपणा लागू व्हायला हवा. नाहीतर शंभर वर्षांनी यंत्र अचूक असेल, पण मानेसच्या हातची माणसं लोक विसरलेले असतील.