जोडणी कशी मोजावी : विंडोज सर्व्हरचा परवाना

‘जोडणी’चे दोन अर्थ : सर्व्हरच्या परवान्यातील मर्यादा एका क्षणी चालू असलेल्या सत्रांवर आहे, की प्रवेशाचा हक्क मिळालेल्या व्यक्तींवर वा उपकरणांवर, हे आधी पाहावे लागते.

कॅल : मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरसाठीचा ‘क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स’, म्हणजे कॅल, दुसऱ्या प्रकारात मोडतो. तीन पाळ्यांतील ३० कामगार तेच १० संगणक वापरत असतील, तर उपकरणांचे १० कॅल पुरतात. उलट संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल अशा तिन्हींवरून काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याला व्यक्तीचा एकच कॅल पुरतो.

मल्टिप्लेक्सिंग : अनेकांच्या मागण्या एकत्र करून एकाच जोडणीतून पाठवणारे मध्यस्थ सॉफ्टवेअर बसवले, तर तांत्रिक जोडण्या घटतात, पण लागणाऱ्या कॅलची संख्या घटत नाही, गफलत बहुधा येथेच होते.

रिमोट डेस्कटॉप : निव्वळ देखभालीसाठी एकाच वेळी दोन सत्रे चालतात, इतर कामासाठी साध्या कॅलखेरीज आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल लागतो.

डेस्कटॉप विंडोज : सर्व्हरऐवजी डेस्कटॉप विंडोज वापरले तरी मर्यादा असते; विंडोज १० आणि ११ यांच्या परवान्यात फाइल, छपाई अशा ठरावीक सेवांसाठी जोडता येणाऱ्या उपकरणांची मर्यादा २० आहे, एक्सपी प्रोफेशनलमध्ये ती १० होती.