अंगठा लागत नाही!

सोमवारी सकाळी साडेदहाला आम्ही तहसील कचेरीत पोचलो, तेव्हा आमच्या पुढे तीसेक बायका बसल्या होत्या. कुणी डबा घेऊन आली होती, कुणी नातवंडाला कडेवर घेऊन. माझ्याबरोबर होत्या मावशी. आमच्या गल्लीत चार घरी धुणीभांडी करतात त्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये त्यांना मिळतात, म्हणजे मिळत होते. चार महिन्यांपासून बंद. का बंद, ते कुणी सांगेना. बँकेत जा म्हणून इथले सांगायचे, तहसीलला जा म्हणून बँकेतले सांगायचे.

दुपारी एकला आमचा नंबर लागला. खिडकीतल्या मुलानं लहानसं मशीन पुढे सरकवलं. मावशींनी अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल दिवा. पदराला बोट पुसलं, कपाळावरून फिरवलं, पुन्हा ठेवलं. लालच!

“मावशी, अंगठा लागत नाही,” तो मुलगा म्हणाला. बिचारा रागावला नव्हता. सकाळपासून पन्नास वेळा तेच वाक्य म्हणून कंटाळला होता, इतकंच.

मावशींनी दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि हळूच म्हणाल्या, “हात तर माझेच हायेत की!”

मैत्रिणींनो, त्या वाक्यानं मला गलबलून आलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरची भांडी घासलेले ते हात. राख, माती, निरमा, ब्लीचिंग. बोटांच्या टोकावर ज्या बारीक रेषा असतात, त्यांचं चित्र मशीन ओळखतं. त्या रेषाच झिजून गेल्या तर मशीन काय ओळखणार? सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका, कोकणात काजू सोलणाऱ्या, वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात राबणाऱ्या, सगळ्यांची हीच गत. वय झालं की कातडी कोरडी पडते, सुरकुतते, ते वेगळंच. म्हणजे जिनं जास्त कष्ट केले, तिची ओळख जास्त पुसली गेली. आणि सरकारी मदतीची गरजही नेमकी तिलाच जास्त!

आधारची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, आणि तेही एका बाईलाच. आपल्याजवळ कसलाच कागद नाही अशा गरिबाला ओळख मिळावी, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. पूर्वी मनीऑर्डर यायची तेव्हा मधल्यामधे कुणीतरी दहा-वीस रुपये ठेवून घ्यायचं, नाव दुसऱ्याचं आणि सही तिसऱ्याची असले प्रकार चालायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आता पैसे थेट खात्यात येतात, ही सोय नाकारून चालणार नाही. पण ज्या दिवशी अंगठा लागत नाही, त्या दिवशी आपल्या सोयीची सगळी दारं एकदम बंद होतात. पूर्वीचा कारकून खडूस असला तरी त्याच्याशी भांडता यायचं, रडता यायचं. लाल दिव्यापुढे काय रडणार?

“बरं, ओटीपीनं करून बघू,” मुलगा म्हणाला. “आधारला कुठला मोबाईल जोडलाय?” मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्याकडे कधीच फोन नव्हता. मुलानं काहीतरी बटणं दाबली आणि नंबरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले.

माझ्या काळजाचा ठोका चुकला. तो नंबर माझा होता!

झालं होतं असं. २०१७ साली आमच्या वस्तीत आधार दुरुस्तीचं शिबिर भरवलं होतं. आमच्या बचतगटानंच पुढाकार घेतला होता. बायकांची रांग, ऊन, लाईट गेलेली. ‘मोबाईल नंबर द्या’ म्हटलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. कुणाकडे फोनच नाही, कुणाचा नवऱ्याकडे, कुणाला नंबर पाठ नाही. तो केंद्रचालक वैतागला. मी मोठ्या उदारपणे म्हटलं, “माझा घाला हो, मी आहे ना!” त्या दिवशी मला स्वतःचं कोण कौतुक वाटलं होतं! घरी येऊन ह्यांना सांगितलं, आज किती जणींचं काम मार्गी लावलं म्हणून.

तो नंबर मी दोन वर्षांपूर्वी बंद केला. नव्या फोनबरोबर नवा नंबर घेतला. नातेवाइकांना कळवला, बँकेला कळवला, गॅसवाल्याला कळवला. ज्यांच्या आधारला तो जोडलेला होता, त्या बायकांची मात्र आठवणसुद्धा झाली नाही. आणि बंद पडलेला नंबर कायमचा रिकामा राहत नाही. काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कुणाला तरी देते. म्हणजे मावशींच्या नावाचा ओटीपी त्या क्षणी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असेल!

मी कधीपासून सरकारला, मशीनला, खिडकीतल्या मुलाला मनातल्या मनात शिव्या देत होते. मावशींच्या बंद पडलेल्या पैशांतला एक बोळा मीच घालून ठेवला होता. रस्त्यात मी त्यांना ते सांगून टाकलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तुमी मुद्दाम थोडंच केलं ताई?” पण चार महिने त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेतल्या होत्या, हे मला त्याच दिवशी कळलं. एरवी सांगितलंच नसतं त्यांनी.

रात्री जुनी वही काढली. शिबिरातली नावं लिहिलेली होती. अकरा जणी. अकरा बायकांची ओळख मी माझ्या पर्समध्ये घालून फिरत होते, आणि मग पर्सच बदलून टाकली!

विचार केला तर हे फक्त माझ्यापुरतं नाही. आपल्या घराघरांत बाईची ओळख दुसऱ्याच्याच खिशात असते. ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून, हे सगळ्यांनीच अनुभवलं. बाईच्या आधारचा ओटीपी, वर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी! आमच्या शेजारच्या काकूंच्या सुनेचा नवरा चाकणला कंपनीत. शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ओटीपीची मुदत मोजकी मिनिटं. ती इकडे केंद्रात बसून, तो तिकडे मशीनवर उभा. शेवटी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पगार कापून घेतला, तेव्हा कुठे काम झालं. जिचा नवरा तिला टाकून गेलाय, तिनं कुणाला फोन करायचा? विधवा आणि घटस्फोटित बहिणींसाठी वेगळी वाट निघाली ती नोव्हेंबरमध्ये, खूप ओरड झाल्यावर, आणि मुदतही ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. म्हणजे ओरडल्यानं होतं. पण नियम करतानाच एखाद्या एकट्या बाईचा चेहरा कुणाच्या डोळ्यांपुढे का येऊ नये?

आणि खिडकीच्या पलीकडे बसलेल्याही आपल्याच. अंगणवाडीच्या सेविकेला विचारा. मुलांची वजनं घ्यायची, आहार द्यायचा, आणि ते सगळं पुन्हा फोनमध्ये भरायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते, ते उगाच नव्हे. फोन निकृष्ट, आणि पोषण ट्रॅकरचं अ‍ॅप इंग्रजीत! मूल समोर रडतंय आणि बाई नेटवर्क शोधत अंगणात फिरतेय, हे काय कामाचं?

गंमत पाहा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांत मोठ्या, अठरा वर्षांवरच्या बाईला कुटुंबप्रमुख केलंय. कायद्यानं जिला कर्ती मानलं, दुकानातलं मशीन तिचाच अंगठा मानत नाही. पण इथेही कायदा आपल्या बाजूनं आहे. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की पडताळणी झाली नाही म्हणून पात्र माणसाचा लाभ नाकारला जाऊ नये, ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग ठेवावा. खिडकीत कुणी आपण होऊन हे सांगणार नाही. आपणच विचारायला हवं.

या दोन महिन्यांच्या हेलपाट्यांत मी जे शिकले, ते सांगते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

अंगठा लागत नसेल तर घरी परत येऊ नका. दहाही बोटं लावून पाहायला सांगा. एखादं बोट धड असतं. डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख घेण्याची सोय असते, ती मागा. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्यानं देता येतात.

‘उद्या या’ म्हटलं तर अर्ज लेखी द्या आणि तारीख घातलेली पोच घ्या. पोच नसली की आपण गेलोच नव्हतो असं होतं. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात ज्या सेवांची यादी जाहीर केलीय, त्या ठरलेल्या मुदतीत द्याव्याच लागतात. नाही दिल्या तर अपील करता येतं, आणि कसूर केलेल्या अधिकाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे नुसतं ठाऊक आहे असं कळलं, तरी समोरच्याचा आवाज बदलतो. मी अनुभव घेतलाय!

बँकेचे पैसे बाहेरच्या केंद्रावर अंगठा लावून काढत असाल, तर ‘लागला नाही, पुन्हा लावा’ म्हटल्यावर आधी पावती मागा. पहिल्या अंगठ्याला पैसे निघालेले असतात आणि दुसऱ्यांदा लावला की पुन्हा निघतात, अशी फसवणूक होते. तसं काही झालं तर लगेच १९३० वर तक्रार करा. आधारच्या अडचणींसाठी १९४७ हा नंबर आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आधारला मोबाईल नंबर आपला स्वतःचाच हवा. नवऱ्याचा नको, मुलाचा नको, आणि माझ्यासारख्या उत्साही ताईचा तर मुळीच नको!

वहीतल्या अकरा जणींपैकी आठ जणींचे नंबर आता बदलून झालेत. दोघींच्या घरी अजून फोन घेणं व्हायचंय. एक जण गेली. तिच्या सुनेनं दारातच सांगितलं, “सासूबाईंचं पेन्शन शेवटी शेवटी येत नव्हतं.” मला पुढे काही बोलताच आलं नाही. तिचं पेन्शन माझ्या नंबरामुळे अडलं होतं की दुसऱ्या कशानं, हे आता कळायला मार्ग नाही. वहीतल्या त्या नावापुढे मी काहीच लिहिलेलं नाही.

मावशींनी साधा बटणांचा फोन घेतला. सिमकार्ड त्यांच्या नावावर. आधार केंद्रात डोळ्यांवरून काम झालं, नवा नंबर जोडला गेला. दीड हजार पुन्हा सुरू झालेत. मागच्या चार महिन्यांचे अजून यायचेत. त्याचा अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे नाही, मावशींच्या ट्रंकेत आहे.

मावशींना अक्षर येत नाही, पण आकडे येतात. नोटा मोजून आणि एसटीचे नंबर वाचून आलेले. परवा केंद्रात बसलो असताना त्यांचा फोन वाजला. चष्मा लावून, बोट फिरवत त्यांनी सहाही आकडे पाहिले आणि स्वतःच्या हातानं मशीनवर दाबले. हिरवा दिवा!

मी सवयीनं विचारलं, “काय होता हो मावशी ओटीपी?”

फोन बटव्यात टाकत त्या म्हणाल्या, “तुमीच सांगितलंय ना ताई, कुनाला सांगायचा न्हाई म्हून!”