अंगणातला सूर्य

पुस्तकातल्या चित्रात ग्रह एकमेकांना खेटून बसलेले असतात. खरं अंतर कळायला प्रमाण ठरवावं लागतं : १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. मग सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू होतो. तो जबलपूरच्या ग्वारीघाटावर ठेवू या. पृथ्वी? राजगिऱ्याचा एक दाणा, सूर्यापासून १५ मीटरवर. दाण्यापासून दोन बोटांवर मिठाचा कण ठेवा, तो चंद्र. माणूस आजवर गेला तो एवढाच लांब! गुरूसाठी भेडाघाटच्या संगमरवराची छोटी गोटी शोभेल. ती ७८ मीटरवर. नेपच्यून म्हणजे मिरीचा दाणा, तब्बल ४५० मीटरवर, म्हणजे नर्मदेच्या काठाने पाच-सहा मिनिटं चालत जावं लागेल.

मला सगळ्यात भावतो तो प्रकाशाचा वेग. या प्रमाणात तो सेकंदाला फक्त ३ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास मुंगीची चाल. चेंडूपासून निघालेली ही मुंगी राजगिऱ्याच्या दाण्यापर्यंत सव्वाआठ मिनिटांनी पोचते, मिरीपर्यंत चार तासांनी. मुलांना मुंगीसोबत चालायला सांगा.

आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा? बोराएवढा, पण ४,००० किलोमीटरवर. काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही लांब.